बारशाआधीच लागलेला निकाल

जुळी झाली की पेढ्यांच्या आधी एक वाक्य वाटलं जातं : "दोघांना आईचं कुठलं पुरतंय?" ते म्हणणारी आत्या असते, शेजारीण असते, वॉर्डातली सिस्टर असते. घरी सोडताना कागदावर पावडरचं नाव लिहून देणारा डॉक्टरही असतो. कुणीच ते दुष्टपणाने म्हणत नाही, म्हणून ते खोडायलाही अवघड जातं. अलीकडे या वाक्याला नव्या विचारांची साथ मिळाली आहे. जुळ्यांच्या आईला अंगावर पाजण्याचा आग्रह करणं म्हणजे तिचा छळ. डबा आणा, तिला झोपू द्या, तिच्या मनाला खात राहील असं काही बोलू नका. जुनी आत्या आणि नवी मैत्रीण वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि एकाच डब्यापाशी थांबतात.

या दोघींशी माझा वाद आहे. त्यांची कळकळ खरी आहे, निदान चुकलेलं आहे. जुळ्यांच्या बहुतेक आयांच्या बाबतीत आधी माणसं कमी पडतात आणि मग दूध कमी पडतं. हा क्रम उलटा लावला की सारा दोष बाईच्या शरीरावर जातो आणि घर मोकळं सुटतं.

आधी शरीराचंच बोलू. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," ही म्हण या प्रसंगी हमखास निघते. पण स्तन म्हणजे मोजकं पाणी साठवलेला आड नव्हे. बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, प्रोलॅक्टिन वर असतंच, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं. इथवर शरीर आपणहून येतं. त्यापुढे मात्र जेवढं काढलं जाईल तेवढं बनत जातं. दूध साचून राहिलं की पुढचं बनण्याचा वेग मंदावतो. स्तन वारंवार रिकामा झाला की वेग वाढतो. दोन्ही बाजू आपापला हिशेब स्वतंत्रपणे ठेवतात. एक बाळ डावीकडे जोरात ओढत असेल आणि दुसरं उजवीकडे नुसतं चघळत झोपत असेल, तर डावीकडचं वाढतं, उजवीकडचं घटतं.

जुळ्यांच्या आयांचं दूध प्रत्यक्ष मोजलेलंही आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या पीटर हार्टमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये आठ जुळ्यांच्या आणि एका तिळ्यांच्या आईची मोजमापं छापली. सहाव्या महिन्यात जुळ्यांच्या आयांना चोवीस तासांत ०.८४ ते २.१६ किलो दूध येत होतं. तिळ्यांच्या आईला अडीच महिन्यांच्या सुमारास तीन किलोंहून अधिक. एका बाळाच्या आईचं दूध दिवसाला साधारण पाऊण किलोच्या आसपास असतं, हे शेजारी ठेवून पाहा. नऊ बायकांवरून जगाचा नियम ठरत नाही, हे मान्य. त्या चिकाटीने पाजत राहिलेल्या बायका होत्या, हेही मान्य. पण 'बाईच्या शरीराला ते शक्यच नाही' एवढं एक विधान खोडायला नऊ जणी पुरेशा आहेत.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र स्तनपानाचे प्रचारक सहसा सांगत नाहीत. जुळ्यांच्या या आया दिवसाला सरासरी पंधरा वेळा पाजत होत्या. शरीर दोघांचं दूध बनवतं, पण त्यासाठी असा दिवस मागतं. तो दिवस तिला कोण देणार?

आपल्याकडे तो बहुधा दिला जात नाही आणि दूध कसं 'जातं' ते बघण्यासारखं असतं. जुळी बऱ्याचदा वेळेआधी येतात. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. अशी बाळं झोपाळू असतात, ओढ कमी, दोन घोट घेऊन डोळे मिटणारी. आईचं बहुधा सिझेरियन झालेलं. पहिल्या दिवशी चीकदूध थेंबाथेंबानेच येतं, आणि बाळाला लागतंही एका वेळी चमचा-दीड चमचा. ते पाहणाऱ्याला मात्र 'काहीच येत नाही' असं दिसतं. दुसऱ्या रात्री दोन्ही बाळं रडतात. कुणीतरी साठ मिली पावडरचं दूध बाटलीतून देतं. बाळं चार तास गाढ झोपतात आणि वॉर्डात सुटकेचा निःश्वास पडतो. त्या चार तासांत स्तनाला मागणी पोचत नाही. चौथ्या दिवशी दूध भरतं, छाती दगडासारखी होते, बोंडी सपाट होते, बाळाच्या तोंडात काही येईना होतं, पुन्हा बाटली. आठव्या-नवव्या दिवशी छाती मऊ पडते. "बघा, म्हटलं नव्हतं?" बाराव्या दिवशी बारसं होतं, तोवर निकाल लागलेला असतो. भाकीत खरं ठरलं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर सगळ्यांनी मिळून ते खरं केलेलं असतं.

या सगळ्यात दूध पुरतंय की नाही हे कुणी तपासलेलं नसतं. रडणं ही तपासणी नाही. बाळ उकाड्याने रडतं, कडेवर घ्या म्हणून रडतं, जावळ्या भावंडाच्या रडण्याने जागं होऊनही रडतं. छाती मऊ असणं, हाताने दाबून पाहिल्यावर थोडंच येणं, याही खुणा नव्हेत. खुणा साध्या आहेत. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले व्हावेत. काळी शी जाऊन पिवळी यावी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांच्या आत जन्माइतकं भरून यावं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमने वाढावं. दोन बाळं, म्हणून दोन वेगळ्या नोंदी. वहीत दोन रकाने आखायला फार शास्त्र लागत नाही. घरातल्या पाहुण्यांनी मत देण्याआधी ती वही वाचावी.

आता नव्या मैत्रिणीच्या युक्तिवादाकडे येतो, कारण तो अधिक वजनदार आहे. ती म्हणते, डबा म्हणजे निदान झोप. जरा हिशेब मांडू. नवजात बाळ दिवसाला आठेक वेळा पितं. दोघांच्या सोळा बाटल्या. त्या घासायच्या, उकळायच्या, पाणी उकळून कोमट करायचं, पावडर मापाने घालायची, रात्री दोनलाही. दूध दिवसाला सातशे मिलीच्या घरात गेलं की एका बाळाला साधारण शंभर ग्रॅम पावडर लागते; म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा जुळ्यांच्या घरी दोन दिवसांत संपतो. ज्यांना ते परवडत नाही त्या घरात पाचव्या महिन्यापर्यंत काय होतं हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. पावडरचे चमचे कमी होतात, पाणी वाढतं, किंवा गाईचं-म्हशीचं पातळ केलेलं दूध सुरू होतं. गावाकडे 'वरचं दूध' म्हणतात ते बहुधा हेच.

पण समजा पैसा आहे. तरी प्रश्न उरतोच : रात्री दोनची बाटली कोण देतं? नवरा किंवा सासूबाई उठत असतील, तर तेच उठलेलं माणूस बाळ उचलून आईजवळ आणू शकतं, पाजून झाल्यावर ढेकर काढू शकतं, लंगोट बदलू शकतं, एकाला थोपटत असताना दुसरं तिच्या हातात देऊ शकतं. मग आई वीस मिनिटांत परत आडवी होते. आणि कुणीच उठत नसेल, तर बाटलीही तीच बनवणार आहे. झोप माणसाकडून मिळते. डब्याच्या झाकणाखाली ती कुणी भरलेली नसते. ज्या घरात डबा आला आणि आईला झोप मिळाली, त्या घरात डब्यासोबत उठणारं माणूसही आलेलं असतं. श्रेय मात्र डबा घेतो.

श्रेय त्याला मिळावं अशी व्यवस्था करणारेही आहेतच. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये आईच्या दुधाला पर्यायी उत्पादनांच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली. आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या खाद्याची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना आमिष दाखवायचं नाही, डब्यावर गोंडस बाळाचं चित्र छापायचं नाही. एखादं उत्पादन निव्वळ दयेपोटी घराघरात येत असतं, तर त्याला आवरायला तुरुंगवासाची तरतूद असलेला कायदा लागला नसता.

दुसऱ्या बाजूचे लोकही माझ्या रागातून सुटत नाहीत. त्यांना मी अमृतवादी म्हणतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांची पोस्टरं लागतात : आईचं दूध अमृत, आईच्या दुधाला पर्याय नाही. एका बाळाला छातीशी धरलेली हसरी आई. दुसरं बाळ कुठे धरायचं, हे त्या पोस्टरवर कधी नसतं. अमृत म्हणून गौरवायचं आणि ते देणारीला पंधरा वेळा एकटीला बसवायचं, ही भक्ती फार स्वस्तातली आहे. तिला जमलं नाही तर मग ती कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. नव्या मैत्रिणीला जो छळ दिसतो तो इथे आहे आणि तो दिसण्यात तिची चूक नाही. तिने उपाय तेवढा चुकीचा निवडला.

अमृतवाद्यांचा घरगुती अवतार म्हणजे लाडू. अळीव, डिंक, मेथी, बाळंतशेपा, शतावरी कल्प. लाडवाशी माझं वैर नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, जुळ्यांच्या आईला त्याहूनही अधिक, आणि डिंकाचा लाडू ते काम झकास करतो. पण लाडू खाल्ल्याने स्तन रिकामा होत नाही. शतावरीची चाचणी १९९६ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये छापून आली, तिच्यात दूध वाढल्याचं दिसलं नाही. पुढे एका छोट्या अभ्यासात उलट निष्कर्ष आला. म्हणजे पुरावा डळमळीत. शिवाय ज्या घरात लाडवांचा आग्रह असतो तिथेच अनेकदा 'बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं' आणि 'डाळ-भाज्या बाधतात' हेही चालतं. तहान लागेल तेवढं पाणी आणि पोटभर चौरस जेवण, एवढं साधं पथ्य पुरे. लाडू करून देणारी मावशी तासभर थांबून एक बाळ सांभाळणार असेल, तर दूध वाढवणारी ती मावशीच.

आणखी एक तोडगा सुचवला जातो : एकाला अंगावर, एकाला डबा. वाचायला न्याय्य वाटतो. पण कुणाला काय, हे कोण ठरवणार? सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या पाहणीच्या आकड्यांवरून २०११ मध्ये दाखवलं की मुलींना मुलांपेक्षा लवकर अंगावरून तोडलं जातं, कारण पुढच्या मुलग्याची घाई असते. जुळ्यांत एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर ही वाटणी कुठे झुकेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पावडर पूरक म्हणून द्यावीच लागली तर दोघांनाही थोडी द्या आणि दोघांनाही अंगावर घ्या.

आता सर्वांत कठीण आक्षेप. बाळं अशक्त आहेत, त्यांच्या रक्तातली साखर उतरते आहे, आणि तुम्ही तत्त्वं सांगत बसलात? हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याला बगल देणारा माणूस बाळांचा वैरी आहे. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, बाळ सुस्त पडलं, कावीळ वाढली, तर वाट पाहायची नाही. आईच्या बाजूनेही खरी कारणं असतात. जुळ्यांच्या बाळंतपणात रक्तस्राव जास्त होण्याचा धोका असतो आणि फार रक्त गेलं की दूध उशिरा येतं. वारेचा तुकडा आत राहिला तरी दूध अडतं. थायरॉइड, स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया, मुळातच दुधाच्या ग्रंथी कमी असणं, अशी कारणं तपासावी लागतात. कुठलंही भाषण जिंकण्यासाठी एकही बाळ उपाशी राहता कामा नये.

पण या आक्षेपातून डबा कायमचा लावावा, असं निघत नाही. औषध द्यायचं तर त्याला मात्रा असते, मुदत असते आणि ते बंद कधी करायचं हेही लिहिलेलं असतं. पावडरच्या बाबतीत कागदावर नुसतं नाव असतं. क्रमही ठरलेला आहे : आधी आईचं काढलेलं दूध, ते नसेल तर दुग्धपेढीतलं, तेही नसेल तर पावडर. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली. दान आलेलं दूध तपासून ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून दिलं जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याचा एक जीवघेणा आजार होतो. दान केलेल्या दुधाच्या तुलनेत पावडरवर तो जवळजवळ दुपटीने आढळतो. म्हणजे बाळ जितकं अशक्त, तितकी 'वरचं लावा' म्हणताना जास्त काळजी हवी. प्रत्यक्षात उलटं होतं.

आणि एखाद्या आईने सगळं समजून घेऊन, विचार करून 'मला नाही पाजायचं' असं ठरवलं, तर तिने कुणाला हिशेब द्यायचा नाही. माझा वाद तिच्याशी नाही. जिला पाजायचं होतं आणि जिच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवून टाकलं, तिच्यासाठी हे लिहितो आहे. अर्धं आपलं आणि अर्धं पावडरचं देणारी आईही नापास झालेली नसते.

मग करायचं काय? बाळं एनआयसीयूत असतील तर पहिल्या काही तासांतच हाताने चीकदूध काढायला सुरुवात करायची, आणि मग दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, रात्री एकदा तरी. ही गोष्ट आईला सिस्टरने सांगायची, वॉर्डात, तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायचं. बाळं उघड्या छातीशी ठेवायची. एक आईच्या, एक बापाच्या. कोलंबियातल्या बोगोटा इथे १९७८ साली इन्क्युबेटर अपुरे पडले म्हणून सुरू झालेली ही कांगारू पद्धत आज जगभर वापरतात, आणि बापाच्या छातीचं तापमानही त्या कामाला पुरतं. सुरुवातीला एकेका बाळाला स्तन नीट तोंडात धरायला शिकवायचं. ते जमलं की दोघांना दोन काखांत उशांवर घेऊन एकत्र पाजायचं, म्हणजे वेळ निम्म्यावर येतो. बाजू आलटून-पालटून द्यायच्या. मालीशवाल्या बाई दोन्ही बाळांना एकापाठोपाठ न्हाऊ घालून धुरी देऊन झोपवतात आणि पाजण्याच्या दोन वेळा निघून जातात. बाईंची वेळ पाजण्याच्या वेळेवर ठरवायची. मध आणि घुटी चाटवायची नाही.

सव्वा महिन्याची आपली रीत मुळात यासाठीच होती : बाळंतिणीने फक्त बाळाकडे बघावं, बाकीचं घराने बघावं. शेक-शेगडी आणि डोक्याला रुमाल एवढंच आपण त्यातून जपलं, मुख्य गोष्ट सोडून दिली.

सरकारचा हिशेबही एकाच बाळाचा आहे. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. एक झालं तरी तेवढीच, दोन झाली तरी तेवढीच. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळतात, त्याही दोघांना मिळून दोनच. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. शेतात, बांधकामावर, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. आशाताई मात्र आहेत. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत उभ्या केलेल्या घरपोच नवजात सेवेतून देशभरच्या त्यांच्या भेटी ठरल्या : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. जुळ्यांच्या घरी पहिल्या पंधरवड्यात या भेटी दुप्पट व्हायला हव्यात आणि जुळ्यांच्या आईबापांची रजा वाढायला हवी. हे मागणं 'अमृत' पोस्टरपेक्षा खर्चिक आहे, म्हणून ते कुणी लावत नाही.

तोवर एवढं करा. जुळ्यांना बघायला जाल तेव्हा दूध पुरतंय का, असं विचारू नका. रात्री दोन वाजता कोण उठतं, ते विचारा. उत्तर 'तीच' असं आलं, तर सल्ला न देता त्या रात्री तिथे मुक्काम करा.